साडेसहाचं कार्ड

"आलोच," असं म्हणून फोटोवाला पडद्यामागे निघून गेला, आणि मावशीने चटकन सोबतच्या पोरीकडे पाहिलं.

दुकानात त्यावेळी त्या दोघीच होत्या. बाहेर चार दिवसांचं मळभ आणि बारीक, कंटाळवाणा पाऊस. आत एक उंच स्टूल, एक निळा पडदा आणि भिंतीवर कुणाकुणाचं फ्रेममधलं हसू. स्टुलावर बसली होती खारू, मावशीच्या ताईची आठ वर्षांची मुलगी. मिळेल ती बारीकसारीक वस्तू खिशात साठवायची म्हणून खारू. स्वमग्न मुलांना सरकारी दाखला लागतो, त्याच्यासाठी तिचे दोन फोटो हवे होते. एवढंच काम. पण या एवढ्याशा कामापायी मावशी आधीच दोन दुकानांतून बाहेर पडली होती, एकातून तर जवळजवळ हाकलूनच दिलं होतं.

खारू मोजकं बोलायची आणि दुसऱ्याचं बोलणं शब्दाला शब्द धरायची. पाच मिनिटं म्हणजे तिच्या लेखी पाचच. आणि 'आलोच' म्हणजे आलेला माणूस. इथे तर आलोच म्हणणारा माणूस चक्क गेला होता. तिने पडद्याकडे पाहिलं, दोन्ही कान गच्च दाबले आणि ती डुलू लागली. मग तिने जो सूर लावला, तो ऐकून रस्त्यावरचे दोघेजण छत्री तिरकी करून आत डोकावले.

फोटोवाला धावत बाहेर आला. हातात कॅमेऱ्याची बॅटरी, चेहऱ्यावर भांबावलेपण. मुलीला काही चावलं की काय, असं त्याने विचारलं.

"तुम्ही आलोच म्हणालात आणि गेलात," मावशी म्हणाली.

"अहो, ती बोलायची पद्धत आहे."

"ती तुम्हाला-मला कळते. तिला नाही कळत. जात असाल तर जातो म्हणा."

यानंतर माणसं काय करतात, हे मावशीला तोंडपाठ होतं. काहीजण कीव करतात, काहीजण घड्याळ बघतात. या माणसाने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. तो जरा वेळ डोकं खाजवत उभा राहिला. मग खारूपासून चार हात लांब, तिला दिसेल असा उभा राहून म्हणाला, "जातो." आणि पडद्यामागे गेला. बाहेर आला आणि म्हणाला, "आलो." पुन्हा जातो, पुन्हा आलो. मावशीने मोजलं, सात वेळा. आठव्या वेळी खारूने कानांवरचे हात काढले.

फोटो त्याने फ्लॅश न लावता काढला. तो थोडा काळपट आला, पण त्यात खारू सरळ समोर बघत होती. आजवरच्या कुठल्याही फोटोत ती समोर बघत नव्हती. मावशी तो फोटो हातात घेऊन जरा जास्तच वेळ उभी राहिली, आणि तो तिच्याकडे बघतोय हे तिला उशिरा कळलं.

जाताना तिने पिशवीतून एक गोल स्टिकर काढला. त्यावर लिहिलं होतं, 'इथे घाई नाही'. हे तिच्या गटाचं काम. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी आठ घरं जमायची, खारूसारख्या मुलांची आठ घरं. एकमेकांची पोरं सांभाळायची, एकमेकांची रडगाणी ऐकायची. आणि मग गावातल्या दुकानादुकानांत जाऊन सांगायचं, की आमचं मूल आलं तर जरा दमाने घ्या, दिवे मंद करा, गाणी बंद करा, ओरडू नका. हे सांगत फिरायचं काम मावशीकडे होतं. चपलांचे दोन जोड झिजवून तिने चार दुकानांवर स्टिकर लावले होते.

"हा लावला की काय करावं लागतं?" फोटोवाल्याने विचारलं.

"काही नाही. घाई करायची नाही."

"मग मी जन्मापासूनच पात्र आहे. काका रोज याच गोष्टीवरून माझा उद्धार करतात." दुकान त्याच्या काकांचं होतं.

मावशीला हसू आलं. तिने ते छत्री उघडायच्या निमित्ताने लपवलं.

मावशी होती एकोणतीस वर्षांची. पण ताईच्या घरी राहायला आल्यापासून तिला सगळं गाव मावशी म्हणायचं. गटातले आजोबासुद्धा, आणि ते तर निवृत्त कंडक्टर होते. दिवसा ती पाणीखात्याच्या तक्रार-खिडकीवर बसायची. लोक विचारायचे, पाणी कधी येणार? ती म्हणायची, येईल. दिवसाला सव्वाशे वेळा तरी. संध्याकाळी घरी आली की तिचा आवाज गाळ बसल्यासारखा व्हायचा.

फोटोवाला स्वतःहून शनिवारी वाचनालयात उगवला. हातात कॅमेरा, केसांवर पाऊस. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की या मुलांचा दिवस कार्डांवर चालतो. भिंतीवर एक पाटी, पाटीवर ओळीने चित्रं. दात घासणे, आंघोळ, बस, शाळा. एक काम झालं की मुलाने ते कार्ड स्वतःच्या हाताने काढायचं आणि खालच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. त्या डब्याला गटात 'झालं' म्हणायचे. डब्यात पडलेलं काम संपलं, त्याचा विचार संपला. पण छापील चित्रांची एक पंचाईत होती. चित्रातला ब्रश हिरवा आणि खारूचा निळा, तेव्हा खारूच्या मते ते दात घासणं तिचं नव्हतंच.

"मग तिच्याच ब्रशचा फोटो काढू," तो म्हणाला. इतकं सोपं होतं आणि आठ घरांतल्या एकालाही सुचलं नव्हतं.

मग ती दोघं गावभर फिरू लागली. न्हाव्याची खुर्ची, बसची पायरी, दातांच्या डॉक्टरचा दिवा, शाळेचं फाटक. तो फोटो काढायचा, ती दुकानदाराला समजावून सांगायची, आणि बऱ्याचदा त्या फोटोच्या नादात दुकानदार स्टिकरही लावून घ्यायचा. पावसाने हवेत गारठा आला होता. दुपारीच दिवे लावावे लागत. एका छत्रीत दोघं चालायची तेव्हा त्याचा डावा खांदा कायम भिजलेला असायचा, आणि तिला ते दिसायचं.

"मी तुम्हाला काय म्हणू?" एकदा त्याने विचारलं.

"सगळे मावशी म्हणतात."

"सगळ्यांचं सगळ्यांपाशी. माझ्या जिभेला ते जमत नाहीये."

"मग काहीच म्हणू नका."

"बरं... तू म्हणतो."

ती थांबली. तिने रागवायचं ठरवलं, पण ते जमलं नाही. तो तेव्हापासून तू म्हणू लागला. ती मात्र तुम्हीवरच अडून राहिली. खिडकीवरची सवय, असं ती स्वतःला सांगायची. खरं तर तिला त्या एका शब्दाची भीती वाटत होती.

नवी कार्डं लावायला तो पहिल्यांदा घरी आला, तो दिवस तिला पुढे कितीतरी वेळा आठवला. सहा वाजून गेले होते. ताई कामावरून येऊन नुकतीच टेकली होती. फोटोवाला पाटीसमोर उभा राहून एकेक जुनं चित्र काढत होता आणि साडेसहाच्या जागी येऊन थबकला. तिथे एका माणसाचा ओळखपत्राचा फोटो होता. कोपरे मळलेले, मागे निळा पडदा.

"हा आमच्याच दुकानातला," तो म्हणाला. "कोण हे?"

मावशी सांगणार, तोच खारू उठली. दाराजवळ पुरुषी चपलांचा एक जोड होता, त्याच्याशेजारी ती गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि दाराकडे बघू लागली. सात वाजेपर्यंत ती हलली नाही. सात वाजता मावशी तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "आज नाही. चल, आत." खारू उठली आणि आत गेली.

मग जिन्यात उभं राहून मावशीने त्याला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी खारूचे बाबा सकाळी निघताना म्हणाले होते, "येतो हं खारू, साडेसहाला." आणि दुपारी कामावरच त्यांचं हृदय बंद पडलं. खारूला सांगितलं, बाबा गेले. त्यात तिला नवल वाटलं नाही, बाबा रोजच जायचे आणि साडेसहाला यायचे. मग कुणी म्हणालं, देवाघरी गेले म्हण. तर ती चप्पल घालून तयार झाली, त्या घरी जायला. यानंतर नवीन शब्द काढायची कुणाची छाती झाली नाही. एकदा ताईने ते कार्ड लपवलं होतं. खारूने स्वतःचा हात चावून रक्त काढलं. कार्ड परत जागेवर गेलं.

"ते तिनेच डब्यात टाकायला हवं," मावशी म्हणाली. "आमचा नियमच आहे तो. आणि ती टाकत नाही."

तो जिन्याच्या कठड्याला टेकला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही लोक आम्हाला सांगता, शब्द जपून वापरा. आणि तू तिला रोज म्हणतेस, आज नाही... म्हणजे उद्या."

मावशीने मनात हिशेब केला. दोन वर्षं. रोज संध्याकाळी, न चुकता, तिने स्वतःच्या तोंडाने पोरीला उद्याचा वायदा दिला होता. साऱ्या गावाला शहाणपण शिकवत फिरणाऱ्या बाईला हे दिसलं नव्हतं. आणि ते दाखवणारा हा कोण, चार दिवसांचा?

"तुम्ही फोटो काढा," ती म्हणाली. "बाकीचं आमचं आम्ही बघू."

त्याने मान हलवली. आत डोकावून खारूला दिसेल असा उभा राहून म्हणाला, "जातो." आणि गेला.

चार दिवस मावशी त्या रस्त्याने गेली नाही. पाचव्या दिवशी खिडकीवर एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, पाणी नक्की येईल ना? आणि मावशीला येईल म्हणवेना. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भिजत दुकानात गेली. तो स्टुलावर बसून भिंग पुसत होता. तिला बघून उठला.

"तुमचं खरं होतं," ती म्हणाली. "पण आता काय म्हणू तिला? माझ्याकडे शब्दच नाही."

"शब्द सोड. तिला जाणं दाखवू या. गेलेला माणूस गेला, असं. माझ्यावर शिकू दे तिला."

मग फोटोवाल्याचं एक कार्ड झालं. तो नक्की येणार असेल त्या दिवशीच ते पाटीवर लागायचं. तो यायचा, खारूने साठवलेली बटणं तिच्यासमोर मांडत बसायचा, आणि निघताना दारात उभा राहून स्पष्ट म्हणायचा, "जातो." खारू कार्ड काढायची, "फोटोवाला जातो," असं त्याच्याच आवाजात म्हणायची आणि डब्यात टाकायची. खण्ण. तो जिना उतरायचा तरी ती दाराकडे बघायची नाही. येतो हा शब्द त्या घरातून हद्दपार झाला. सवयीने ताईच्या तोंडी यायचा आणि ती जीभ चावायची.

मावशी दाराआडून हे बघायची. जातो म्हणताना तो खारूकडे बघायचा आणि मग अर्धा क्षण तिच्याकडे. त्या अर्ध्या क्षणावर तिचे पुढचे दोन दिवस निघायचे. आपलं या माणसावर प्रेम बसलंय, हे तिने एका संध्याकाळी भांडी विसळताना स्वतःशी कबूल केलं, आणि तिला आनंदाच्या आधी धडकीच भरली.

तिची धडकी खरी ठरायला फार दिवस लागले नाहीत. दातांच्या दवाखान्यात स्टिकर लावून ती दोघं पायरीवर उभी होती, पाऊस थांबायची वाट बघत. तो म्हणाला, काका दुकान बंद करतायत. आता फोटो काढायला दुकानात येतंय कोण? त्याला एका जहाजावर काम मिळत होतं, प्रवाशांचे फोटो काढायचं. अकरा महिने समुद्रावर.

"कधी?" मावशीने विचारलं. आवाज अगदी खिडकीवरचा.

"पंधरवड्याने. थांब म्हणालीस तर थांबतो."

"थांबून काय कराल? बंद दुकानात बसाल?"

पावसाचं पाणी पायरीवरून ओघळत होतं. "मग एवढंच विचारतो," तो म्हणाला. "वाट बघशील?"

"आमच्या घरात वाट बघणारी एक आहे. दुसरी आम्हाला झेपायची नाही."

हे बोलताना ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. त्याने छत्री तिच्या हातात दिली आणि तो भिजत निघून गेला. त्या दिवशी तो जातोसुद्धा म्हणाला नाही.

पण घरी यायचं त्याने सोडलं नाही. खारूचा क्रम मोडू नये म्हणून, असं म्हणायचा. दोघं एकमेकांशी बोलायची ती फक्त कार्डांबद्दल. असे आठ-दहा दिवस गेले असतील. एका संध्याकाळी सव्वासहाला खारू बटणांवरून उठली. मावशीला वाटलं, निघाली दाराशी. पण ती पाटीसमोर जाऊन उभी राहिली. साडेसहाचं कार्ड तिने काढलं, नाकाजवळ धरून हुंगलं. आणि मग, रोज म्हणायची त्याच सुरात म्हणाली, "बाबा जातो."

पत्र्याचा डबा वाजला.

ताई पीठ मळत होती. ती तशीच पिठाच्या हातांनी खाली बसली. नवरा गेला तेव्हा पोरीला सांभाळायच्या नादात तिला रडायलाच मिळालं नव्हतं, ते सगळं आता निघालं. मावशीने तिला धरलं आणि मावशीही रडली. फोटोवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, फोटो काढायचं त्याच्या मनातही आलं नाही. खारूने तिघांकडे एकदा पाहिलं. पुढचं कार्ड जेवणाचं होतं, म्हणून ती पाटावर जाऊन बसली.

तो निघाला तो दिवस रविवारचा. दुपारी पिशवी खांद्याला लावूनच घरी आला. ताईचा निरोप घेतला. खारूपुढे उकिडवा बसून तिला स्वतःकडे नीट बघू दिलं, मग उभा राहिला.

"जातो, खारू."

"फोटोवाला जातो," खारू म्हणाली. कार्ड डब्यात पडलं. ती परत बटणांकडे वळली, लाल एका बाजूला, पांढरी एका बाजूला. याच्याहून चांगला निरोप त्याला कुणी दिला नसता, आणि तरी त्याचा चेहरा उतरला.

मावशी त्याच्यामागोमाग जिना उतरली. आपण का उतरतोय ते तिला ठाऊक नव्हतं. खाली दारात गारठा होता, रस्ता ओला आणि रिकामा. लांब, चौकापलीकडच्या रस्त्यावर त्याच्या दुकानाचं शटर ओढलेलं होतं आणि त्यावर अजून तो स्टिकर होता, इथे घाई नाही.

"फोन करेन," तो म्हणाला.

"करा."

"सगळ्या नीट राहा. खारूचे पावसाळी बूट लहान झालेत, नवे घ्याल तेव्हा कार्डही नवं करा."

"करू."

तो दोन पायऱ्या उतरला, वळला, आणि खारूला सांगायचा तसाच, समोर सरळ उभा राहून म्हणाला, "जातो."

मावशीने त्याची बाही धरली.

"तो शब्द मला नको," ती म्हणाली. "माझ्याशी... माझ्याशी तरी येतो म्हण."

तो तिच्याकडे बघत राहिला. "तू मला तू म्हणालीस."

"म्हणाले. आता म्हण."

"अकरा महिने आहेत. पुढे काय होईल—"

"वेळ नको सांगू. वायदा नको करू. सगळं गाव निघताना म्हणतं तसं नुसतं म्हण."

त्याने बाहीवरचा तिचा हात दोन्ही हातांत घेतला. हात गार होते, दोघांचेही. "येतो," तो म्हणाला. इतक्या हळू की तिला ते ऐकू येण्याआधी दिसलं. मग त्याने छत्री उघडली आणि तो पावसात गेला. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याचा डावा खांदा भिजून काळा झाला होता, आणि आज तर छत्रीखाली तो एकटाच होता.

ती वर आली. कपडे घड्या केले, पाटीवरची उद्याची कार्डं लावली. साडेसहाची जागा आता रिकामी असायची. बाहेर अंधारून आलं. मावशी काहीतरी उचलायला दाराजवळ गेली आणि जरा टेकावं म्हणून चपलांशेजारी बसली. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की तिची मान वर व्हायची, पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं.

कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. खारू. एका हातात लाल बटण. तिने दाराकडे पाहिलं नाही, मावशीच्या गुडघ्यांकडे पाहिलं, ते पोटाशी घेतलेले होते. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले होते.

"आज नाही," खारू म्हणाली. हुबेहूब मावशीच्या आवाजात. "चल, आत."

मावशी उठली आणि तिच्यामागून आत गेली.